बापाच्या नावाची दुरुस्ती

पौष शु. ४, शके १७८६. अमरावती.

अकोल्याहून आईचा निरोप, कापसाच्या गाडीवानाबरोबर, तोंडी. "बँकेनं पैसे नाही देल्ले. म्हनते, तुमच्या लेकाचं नाव जुळत नाही. तुह्यं नाव काय हाय ते एकदा येऊन सांगून जा म्हना त्याले."

पंचेचाळिसाव्या वर्षी आईला नाव कळवायचे! दरमहा माझी चिठ्ठी तिकडच्या शाखेत वटते. सही तीच, शाई तीच. उद्या बँकेत जाणे.

पौष शु. ५.

गेलो. रस्ता गाड्यांनी तुंबलेला; पोहोचेपर्यंत धोतराला इतका कापूस चिकटला की एखाद्या दलालाने माझाच भाव केला असता. बँक नवी. भिंतीचा चुना अजून ओला, मिजास मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची.

कारकून रंगोबा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. खाते उघडून दाखवले. 'नारायण सदाशिव' यातल्या सदाशिवावर रेघ. वर टपोऱ्या अक्षरात 'विनायक, मूळ गाव अकोट.'

सदाशिव माझे वडील. विनायकांनी जन्म दिला, आणि मी तीन वर्षांचा असताना मला सदाशिवांच्या मांडीवर दत्तक दिले. तेव्हापासून संध्येत, श्राद्धात, सहीत, सदाशिव.

हे कोणी केले?

"म्याच. मुंबईहून हुकूम आला, सगळ्यायची नावं तपासून घ्या. तुमचं चुकलं होतं. दुरुस्त केलं."

मला विचारले का नाही?

"तुमाले काय इचारा लागते, शास्त्रीबुवा? मी अकोटचा. विनायकरावांनी मले बाराखडी शिकवली. त्यायचं नाव बुडून राह्यलं होतं, बाप्पा."

एवढे बोलून आभाराची वाट पाहत उभा राहिला.

पूर्ववत करा म्हटले. तर, "आता साहेबाची सही झाली. बाप बदलाचा असन त साहेबाले अर्ज द्या." साहेब कापूस पाहायला गेलेले. सगळे जगच कापूस पाहायला गेले आहे.

पौष शु. ८.

साहेब भेटले. दुभाष्यामार्फत माझे दत्तविधान त्यांना समजावले. धर्मशास्त्रात द्व्यामुष्यायण म्हणून असतो, दोन्ही बापांचा मुलगा. मी तोही नाही, मी एकाच बापाचा, आणि तो तुमच्या कारकुनाने खोडला. दुभाष्याने याचे चार शब्द केले. साहेब हसले. उत्तर आले: बँकेचे दप्तर चुकत नसते, तुमचे वडील कोण हे घरी ठरवून या.

ठीक. या हसण्याची वसुली होईल.

आजपासून रंगोबाचे नाव चित्रगुप्त. फरक इतकाच की तो चित्रगुप्त निदान माणूस मेल्यावर वही उघडतो.

पौष शु. १२.

प्रकरण वाढले. बापूजीला वास लागला. बापूजी म्हणजे सदाशिवरावांचा पुतण्या, अकोल्यात आईच्या शेजारी भिंतीला भिंत. आमचे शेत आगगाडीच्या नव्या रस्त्यालगत येते, आणि कापूस दाबण्याचा कारखाना घालायला एक गोरा त्यावर डोळा ठेवून आहे. गेल्या वर्षीपर्यंत बापूजी मला 'दादा' म्हणत असे. आता त्याने अकोल्याच्या सरकारी साहेबाकडे अर्ज दिला: दत्तविधान झालेच नाही, नारायण हा परका, प्रत्यक्ष बँकेने त्याचा बाप विनायक लिहिला आहे, सबब वारस मी.

म्हणजे चित्रगुप्ताची एक रेघ, आणि मी त्या घरातून उठलो. शेत जावो, कापसाबरोबर जावो. पण आईने निरोपात विचारले आहे: "उद्या मी मेली त मले अग्नी कोन देईन? हा बापूजी?"

पौष पौर्णिमा.

मुंबईच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिले. पत्रकर्ते माझ्या पत्रांतून कापसाचा भाव तेवढा ठेवतात, बाकी कापतात. याही पत्रात वर दोन ओळी भाव घातला, आमिष म्हणून. खाली चित्रगुप्त. नावगावानिशी. 'असत्यलेखक', 'परपितृहारक', 'खोटारडा'. शेवटला शब्द प्राकृत आहे, पण निदान एक तरी सर्वांना कळावा. साहेबांच्या हसण्यावर एक स्वतंत्र परिच्छेद.

फार दिवसांनी इतके सुखाने लिहिले. दोनदा वाचले. तिसऱ्यांदा मोठ्याने. दुपारी टपालात टाकले.

पौष व. ५. अकोला.

मूर्तिजापूरमार्गे आलो. बैलांच्या दमणीत हाडे खिळखिळी. आईने दारातच विचारले, "कोन आलं म्हनू?" मग स्वतःच हसली, मग डोळ्यांना पदर लावला.

अकोल्याच्या साहेबाचे म्हणणे: डोळ्यांनी दत्तविधान पाहिलेला, हयात, घराबाहेरचा साक्षीदार आणा. कागद केलेला नाही. त्या वेळी पंच आणि अग्नी पुरत असत. पंच गेले, भटजी गेले. आईची साक्ष चालत नाही, ती पक्षकार.

संध्याकाळी आईला सहज त्या कारकुनाबद्दल सांगितले. चेव आला होता, पत्रातली विशेषणेही ऐकवली. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला.

"रंगोबा? अकोटचा?"

होय.

"अगं माय! तो त होता तवा. विनायकरावांसंगं आलेला पोट्टा. बुंदीचे लाडू खाऊन ओसरीवर ओकला होता. त्याले मीच लिंबू देल्लं." आणि जरा वेळाने, "त्याले पेपरात काय काय म्हटलं म्हनतोस?"

मी तांदळातले खडे निवडू लागलो.

पौष व. ६.

टपालकचेरीत गेलो. मुंबईला गेलेले पत्र परत बोलावता येईल का? टपालबाबू: "शास्त्रीबुवा, ते काय बैल हाय का, हाक मारली की फिरन?"

पत्रकर्त्यांस दुसरे पत्र धाडले, पहिले छापू नये म्हणून. पण पहिले पुढे आहे. एकच आशा: ते नेहमीप्रमाणे कापतील.

माघ शु. ९. अमरावती.

अंक आला. एक अक्षर कापलेले नाही. उलट 'खोटारडा' जाड ठशात. इतक्या वर्षांत प्रथमच.

बाजारात चौघांनी हात जोडले. अडत्याने सुपारी दिली. खोटे का लिहू, घटकाभर अतिशय सुखात होतो.

माघ शु. ११.

बँकेने खाते पूर्ववत केले. सदाशिव परत आले, विनायक खोडले. साहेब हसले नाहीत. रंगोबास कामावरून दूर केले.

मला हवे होते ते सर्व झाले. बापूजीचा अर्ज मात्र जागच्या जागी: त्याने जुन्या नोंदीची नक्कल आधीच घेतली आहे, आणि आता म्हणतो, पेपराच्या धाकाने बँकेने नाव फिरवले.

माघ शु. १३.

रंगोबाच्या घरी गेलो. शेवग्याखाली बाजेवर बसला होता. उठला नाही. बायकोने पाणी आणले तर म्हणाला, "आधी इचार, कोनाचे पुत्र हायेत. आपल्याले चुकाची सवय हाय."

ऐकून घेतले. या माणसाला टोमणा मारता येतो हे ठाऊक नव्हते. मग दत्तविधान आठवते का, विचारले.

"काहून नाही आठवत? होम चालू, अन् तुमी सदाशिवरावांच्या मांडीवर मुतले. नवं पितांबर भिजलं. भटजी म्हने, बसलं पोरगं घरात. विनायकराव मागं तोंड फिरवून उभे. ते हसून नव्हते राह्यले."

मग बाप कोण हे ठाऊक असून नाव का बदललेत?

"मांडी बदलते, बुवा. बाप कसा बदलन? मी खरं तेच लिव्हलं. तुमी छापलं खोटारडा."

अकोल्यात साक्ष द्याल?

"देतो. साहेबापुढं आधी तुमी म्हना, रंगोबा खोटा नाही. मंग मी मांडीचं सांगतो. नाही त साहेब म्हनन, पेपरातला खोटारडा तो तूच का? काय सांगू मी?"

बापूजी हेच ऐकायला टपलेला आहे. रंगोबा खोटा नाही, असे माझ्या तोंडून निघाले की तो म्हणणार, मग बाप विनायक! आणि दुसरे असे, की मला म्हणायचे नाही. त्याने माझ्या बापावर रेघ मारली. मांडी बदलते म्हणे. त्या मांडीवर मी अमरकोश पाठ केला.

हो म्हटले नाही. नाहीही म्हटले नाही. पाणी न पिता आलो.

माघ व. ३. अकोला.

उद्या सकाळी सुनावणी. बापूजी आज अंगणात नवा पटका बांधून पाहत होता. त्याच्यावर एक पत्र मनात तयार आहे. पहिल्याहून सरस होईल.

आईला रंगोबाची अट सांगितली. म्हणाली, "म्हन की. लोकाले एक बाप नीट भेटत नाही, तुले दोन भेटले. त्यातला एक बोलून दाखवाले काय जाते?"

आई, त्यानेच घर जाईल कदाचित.

"मी कोनाची माय हाय ते साहेब ठरवन का आता?" असे म्हणून चुलीकडे गेली. त्या 'का'मध्ये भीती होती. मी ऐकली.

दिवे लागायला रंगोबा आला. बोलावले नव्हते. अमरावतीहून कापसाच्या रिकाम्या गाडीत, एकटा. ओसरीवर बसला आहे. आईने जेवायला आत बोलावले तर म्हणाला, "शास्त्रीबुवा येऊन म्हनतीन, रंगोबा खोटा नाही, त येतो. नाही त पहाटे गाडी हाय वापस."

आईने दोन पाने वाढली आहेत. उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे पाहते आहे. मी दौत समोर घेऊन हे लिहीत बसलो आहे. बाहेर तो खोकतो आहे.