चारशे बारावं

४ नोव्हेंबर, मंगळवार

आले बाई एकदाची नव्या घरात! तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीसमोर शाळेचं पटांगण. लिफ्ट कुरकुरते, पण चालते. लेक मागच्याच गल्लीत राहते. ही वहीही तिनंच दिली. म्हणाली, आई, भिंतींशी बोलण्यापेक्षा हिच्यात लिही. बरं, लिहिते. भिंती तरी सुटतील.

सामान लावताना शेगडीच्या आधी यांचा कॉम्प्युटर टेबलावर ठेवून घेतला. हे मार्चमध्ये गेले. मागे ठेवलं काय, तर चारशे बारा गाणी. वीस वर्षं कानाला यंत्र लावून एकेक कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवत बसायचे. आणि त्यांच्या त्या याद्या! ‘इस्त्री करताना’. ‘बायको रागावली असताना’. ‘बायको फारच रागावली असताना’. शेवटची यादी ‘किरकोळ’, तिच्यात एकच नोंद, चारशे बारावी. ते गाणं नाही. माइक चालतोय का बघायला हे स्वतः बोललेत. व्हिडिओ काढायला गेलं की तोंड चुकवायचे, त्यामुळे यांचा आवाज जगात तेवढाच उरलाय. उद्या निवांत ऐकणार आहे. इतके दिवस धीर होत नव्हता.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते, पस्तीस वर्षं. आवाजावरून माणूस ओळखणं हा माझा धंदा. हेही मला आवाजातच भेटले. यांची लाइन तीनदा तुटली होती. चौथ्यांदा मी ठरलेल्या सुरात विचारलं, हं, बोला, कोण हवंय आपल्याला? तर म्हणाले, तुम्हीच. आगाऊ मेला! मी राँग नंबर म्हणून लाइन तोडायला गेले, तेवढ्यात शांतपणे म्हणाले, बरं, उद्या करतो परत. आणि केला की! अकरा दिवस रोज केला, अकरा दिवस मी राँग नंबर म्हटलं. बाराव्या दिवशी नाही म्हटलं. झालं, अडकले ती अडकलेच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

कॉम्प्युटर लावला. आत काही नाही. निळा पडदा आणि चार चित्रं. गाणी नाहीत, याद्या नाहीत, ‘किरकोळ’ नाही.

जावयाला फोन केला. तो म्हणाला, आई, सामान हलवायच्या आधी मी सगळं पुसून नवाकोरा करून ठेवला, फार अडकत होता ना. चांगल्या मनानं केलं हो पोरानं! पण मी फोनवर त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळी आला, दारातच उभा राहिला. चेहरा इतका पडला होता की शेवटी मलाच त्याला चहा करून द्यावा लागला. तो गेल्यावर मात्र मी फरशीवर बसून रडले. दवाखान्यातून यांना नेलं तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

इमारतीच्या खालीच कॉम्प्युटरदुरुस्तीचं दुकान आहे. दुकानदार चाळिशीचा, कपाळावर चष्मा आणि तोच चष्मा दुकानभर शोधत असतो. त्यानं मला स्टुलावर बसवून समजावलं. काकू, पुसलं म्हणजे गेलं नाही. दारावरची पाटी तेवढी काढलीय, माणसं आतच आहेत. मात्र त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, तर खालचं कायमचं जातं. म्हणून एकच नियम. जिथून काढायचं तिथेच ठेवायचं नाही. सुटलेलं गाणं वेगळ्या डिस्कवर ठेवायचं, नाहीतर एक गाणं वर येताना दुसऱ्याच्या उरावर बसतं.

त्यानं शोधायचा प्रोग्रॅम टाकून दिला आणि खोक्यात बंद अशी नवी डिस्क दिली. गाण्यांची नावं येणार नाहीत, नुसते आकडे येतील. याद्याही येणार नाहीत. कुठलं गाणं कुठल्या यादीतलं ते आठवून मलाच लावावं लागेल. मी म्हटलं, एवढंच ना? त्यांच्यातलं एकही मी विसरलेली नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मिळालं! पहिलं गाणं मिळालं!

सकाळी नऊला बसले. तासाभरानं पडद्यावर ०००१ उमटलं. वाजवलं आणि दुसऱ्याच सेकंदाला ओळखलं, ‘इस्त्री करताना’. हेच गाणं ऐकता ऐकता यांनी निळ्या सदऱ्याची बाही जाळली होती. मला कळू नये म्हणून तीन वर्षं तो सदरा बाह्या दुमडून घातला. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तीन वर्षं मीही गंमत बघत राहिले.

यादीत टाकलं तर कॉम्प्युटरनं विचारलं, कुठे ठेवू? खाली एकच जागा दाखवत होता, तिला नाव नव्हतं. डिस्कची वायर काल मीच मागे खुपसली होती, म्हटलं तीच असणार. ‘हो’ दाबलं. पस्तीस वर्षांची सवय. कुणी लाइन मागितली की जोडून द्यायची, चौकशा करायच्या नाहीत. दिवसभरात सव्वीस झाली. जेवायचंही भान राहिलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

एकशे नव्वद. ‘बायको रागावली असताना’ पूर्ण लागली. एकेक गाणं वाजतं आणि तो तो दिवस लख्ख उभा राहतो. आज स्वयंपाकघर रंगवल्याचा दिवस आला. यांनी कडेचा पट्टा वाकडा मारला आणि मलाच म्हणाले, तू मान तिरकी करून बघतेयस. हसू हसू हसले. एकटीच.

संध्याकाळी लेक आली. बोलता बोलता म्हणाली, बाबांनी निळा सदरा जाळला होता, आठवतं? मी म्हटलं, कुठला सदरा? ती बघत राहिली. पोरगी काहीतरी भलतंच बोलते झालं. यांनी जन्मात कधी इस्त्रीला हात लावला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

तीनशे पाच.

आज ट्रंकेत एक जुना निळा सदरा सापडला, बाही जळलेली. कुणाचा कोण जाणे. फाडून खिडक्या पुसायला घेतला, कापड छान मऊ होतं. लेक आली, तिनं हातातून ओढून घेतला आणि ती ओली चिंधी तोंडाशी धरून रडायला लागली. मला काही कळेना. विचारलं तर म्हणाली, आई, तुझं चाललंय काय?

तेव्हापासून मनात तेच. माझं काय चाललंय?

१७ नोव्हेंबर, सोमवार

लेकीनं डॉक्टरीणबाईंकडे नेलं. वार विचारला, वजाबाक्या करायला लावल्या, माझ्या शाळेतल्या बाईंचं नाव विचारलं. सगळं घडाघडा सांगितलं. एक्स्चेंजमधले चाळीस नंबर वरती फुकट म्हणून दाखवले. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, माझ्यापेक्षा तुमचं डोकं चांगलं आहे. मग त्यांनी सहज विचारलं, मिस्टर दिसायला कसे होते?

मला सांगता आलं नाही.

घरी येऊन ही वही काढली. नऊ तारखेचं पान वाचलं. अक्षर माझंच. सदरा, बाही, तीन वर्षं. वाकडा पट्टाही वाचला. माझ्याच हातानं लिहिलेलं आणि मला त्यातलं काडीचं आठवत नाही. काय आठवतं म्हणून शोधायला गेले तर जिथे तिथे गाणंच वाजतं. आख्खं, खरखरीसकट. माणूस नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दुकानदाराला वर बोलावलं. त्यानं आधी डिस्क शोधली. ती कपाटावर होती. खोक्यात. वरची चिकटपट्टीसुद्धा निघाली नव्हती. मी कॉम्प्युटरमागे खुपसलेली वायर कुणाची तर माझ्या मोबाइलच्या चार्जरची.

मग तो म्हणाला, म्हणजे काकू, तुम्ही कॉम्प्युटरच्याच डिस्कवर ठेवलीत. कॉम्प्युटर उघडून बघितला. तिथेही काही नाही. नवाकोरा. जावयानं ठेवला होता तसाच.

आणि गाणी वाजत होती. चारशे अकरा. त्यानं एक लावलं, बंद केलं, दुसरं लावलं. चष्मा डोळ्यांवर घेतला. मग माउसवरचा हात हळूच काढून घेतला. म्हणाला, ही कुठून वाजतायत ते मला दिसत नाही. कुठे ठेवलीत ते तुम्हाला ठाऊक आहे का?

मी म्हटलं, हो.

तो उठला. जाताना एवढंच म्हणाला की आता आणखी एकही काढू नका. स्क्रू-ड्रायव्हर इथेच विसरून गेला. न्यायला आला नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जिथून काढायचं तिथेच ठेवायचं नाही. मी आठवून आठवून काढत होते. आणि तिथेच, यांच्या आठवणींवर—

काय उरलंय ते लिहून काढायला बसले. अर्धं पानही झालं नाही. चेहरा नाही. हात नाहीत. लग्नाचा दिवस नाही. भिंतीवर फोटो आहे, त्यातला माणूस बरा वाटतो. कुणाचा तरी नवरा असावा असा.

एकच उरलंय. लाइन तुटली होती ते. राँग नंबर, अकरा दिवस. ते लख्ख आहे.

आणि एकच काढायचं उरलंय. ०४१२.

२० नोव्हेंबर, गुरुवार

लेक दिवसभर बसून सांगत होती. बाबा असे, बाबा तसे. मी ऐकलं. शेजारच्या घरातल्या माणसाबद्दल ऐकावं तसं. तिलाही ते दिसलं. सांगता सांगता तिचा आवाज बसला, तरी थांबेना. शेवटी मीच म्हटलं, पुरे गं राणी.

मला रडू येतं. छाती फुटेल असं येतं. पण कुणासाठी रडते ते सापडत नाही. याच्यापेक्षा हे गेले ते दुःख परवडलं असतं. ते माझं होतं. तेही मीच पुसून टाकलं, आणि वर खूश होऊन आकडे मोजत बसले.

कॉम्प्युटरची वायर काढून ठेवलीय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

वायर काढलेलीच आहे. तरी दुपारी पडदा उजळला. ०४१२. ठेवू का?

‘नाही’ दाबलं. परत विचारलं. परत ‘नाही’.

अकरा वेळा.

२२ नोव्हेंबर, शनिवार

ऐकला नाही तर तो एक फोन उरेल. पण त्या फोनवरचं बोलणं आठवतं, आवाज आठवत नाही. आज कळलं. शब्द आहेत, नुसते छापल्यासारखे. आवाज नसेल तर काय उरलं माझ्याकडे?

आणि आवाज ऐकला की मी ओळखेनच. पस्तीस वर्षं तोच धंदा केलाय. हजारांतून ओळखेन. तो ओळखला की त्याच्या मागोमाग सगळे येतील, सदरा, पट्टा, सगळे. आलेच पाहिजेत.

लेकीला सांगणार नाही. ती मला कॉम्प्युटरजवळ जाऊ देणार नाही.

विसरले तर — हे माझ्यासाठीच लिहून ठेवते — विसरलीस तर पहिलं पान वाच. चार तारीख. शेवटचा परिच्छेद. लाइन तोडू नकोस गं बाई. काही झालं तरी तोडू नकोस.

२३ नोव्हेंबर, रविवार

दुपार. ‘हो’ दाबलं.

गाणं नाही. आधी दोनदा फुंकर. मग पुरुषाचा आवाज. वयस्कर. स्वच्छ. विचारतोय, ऐकू येतंय का?

ओळखीचा नाही.

परत विचारलं, ऐकू येतंय का? माझ्या तोंडून सवयीनं गेलं — हं, बोला, कोण हवंय आपल्याला?

म्हणाला, तुम्हीच.

आगाऊपणा बघा या वयात! राँग नंबर, म्हटलं.

लाइन चालूच आहे. श्वास ऐकू येतोय. रडतोय वाटतं बिचारा. कुणाला शोधतोय कोण जाणे — वहीत वरती लिहिलंय पहिलं पान वाच म्हणून — वाचते, आधी हे लाइनवरचं —

म्हणाला, बरं. उद्या करतो परत.

मी सांगितलं, उगाच त्रास घेऊ नका, इथे तुमचं कुणी—