मणीच्या गळ्यातला विजेचा पट्टा

राणोजी,

सांबार झाकून ठेवलंय, गरम करून घे. आज शाळेला सुट्टी, म्हणून मणीला आंघोळ घातली आणि तुझा तो विजेचा पट्टा काढला. तो पोस्टमनवर भुंकला तरच बटण दाबून झटका देतोस, असं म्हणाला होतास. पोस्टमनवर तर तो आजही मनसोक्त भुंकला. मग जॉर्ज टाउनचा घरदलाल आला. "पहिल्यांदाच येतोय, अम्मा," म्हणाला. त्याला बघताच मणी केकाटत खाटेखाली शिरला. मी शाळेत असताना हा माणूस कितीदा येऊन गेलाय?

मणीला आणि आईच्या घराचे कागद घेऊन मावशीकडे चाललेय. दलालाला सांग, अर्धं घर आक्काचं आहे, आणि आक्काच्या गळ्यात पट्टा नाही.

तुझी आक्का,
भवानी