दादाचं अर्धं राहिलेलं वाक्य

प्रिय दादा,

पंचेचाळिशीत मी वादविवादाच्या वर्गाला जाते, हे ऐकून तू म्हणशील, "हिला आणखी काय शिकायचं राहिलंय?" मलाही तसंच वाटायचं. पण आमच्या बाईंचा नियम वेगळाच आहे. उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं असं मांडायचं, की त्यानेच म्हणावं, "हो, मला हेच म्हणायचं होतं." तीन आठवडे मला ते जमलं नाही. परवा पहिल्यांदा वर्गात माझ्यासमोर वाद घालणाऱ्या बसकंडक्टरने मान डोलावली.

घरी येऊन मी तुझी बाजू मांडून पाहिली. बाबांचं ऑपरेशन नको, असं तू म्हणालास, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "तुला त्यांचं करायचा कंटाळा आलाय." ऑपरेशन झालं आणि बाबा घरी परतलेच नाहीत. त्यांचे शेवटचे दिवस घरात जावेत, असं तुला वाटत होतं. एवढं आता मला मांडता येतं. पुढे मात्र गाडी अडते. "बाबा मला म्हणाले होते की..." इथेच मी तुझं बोलणं तोडलं होतं.

काय म्हणाले होते रे ते?

पत्रातून विचारलं तर तू टाळशील, म्हणून हे पोस्टात टाकत नाही. रविवारी मीच येते. मधे बोलणार नाही.

तुझी,
धाकटी