पासवर्डात ठेवलेलं नाव

घाटनांदूर, ५ ऑक्टोबर १९९९

दुपारी धाकट्या दिरांना टायपिंगच्या दुकानात बसवून जेवायला गेले. परत येते तर भाऊजी माझ्या कॉम्प्युटरसमोर, अन् तो चालू! पासवर्ड मी कुणालाच सांगितलेला नाही.

"कसा उघडला?" म्हटलं, तर हसायलाच लागले. "वहिनी, दादाचं नाव सोडून तुमी दुसरं काय ठेवणार? एकदाच टाकलं, उघडलं बगा! अन् गणिताचा पेपर लई अवघड काढलाय की सरांनी."

शाळेचे सहामाहीचे पेपर माझ्याकडे टायपिंगला विश्वासावर येतात. भाऊजींची पोरगी त्याच वर्गात. ते तिला सांगणार नाहीत कशावरून? उद्या हेडसरांना सगळं सांगायचं. काम गेलं तर गेलं.

पुस्तकात वाचलं होतं, पासवर्ड असा ठेवा की जो कधी तुमच्या तोंडून निघणार नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर ह्यांचं नाव मी कधी घेतलं का? ते गेल्यावरही नाही. म्हणून तेच ठेवलं. मी घेत नव्हते, पण सगळा गाव घेत होता, हे कसं सुचलं नाही मला? एकदाच टाकलं म्हणे.

रोज सकाळी दुकान उघडलं की तेवढं नाव बोटांनी घ्यायचे.

संध्याकाळी पासवर्ड बदलायला बसले. मशीननं आधी जुना मागितला. एकेक अक्षर दाबत गेले, पडद्यावर नुसत्या फुल्या उमटत गेल्या. शेवटचं अक्षर दाबायला फार वेळ लागला.