गुडघाभर उघडं शटर

आई,

गॅरेजच्या शटरला मी अलार्म बसवून घेतला आहे. शटरच्या खालच्या पट्टीवर चुंबक, बाजूच्या चौकटीवर स्विच. शटर वर गेलं की दोघांची ताटातूट होते आणि आत भोंगा वाजतो. गल्लीला वाटतं, चोरांसाठी बसवलाय. आपल्याकडं चोराला नेण्यासारखं काय आहे, ते तुला ठाऊकच आहे. तो बाबांसाठी आहे. तू गेलीस हे हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही. इतकी वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी तू पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेली आहेस आणि परतायला जरा उशीर झालाय. मागच्या दाराला मी कुलूप घालते, पण शटर उचलायची सवय जीप होती तेव्हापासूनची, ती हातातून जात नाही. उन्हाळ्यात एका दुपारी ते गंगाखेड रस्त्यावर अनवाणी चालताना सापडले. तुला आणायला निघाले होते. तळपायाला फोड आले होते. पुढच्या वेळी ते सापडले नाहीत तर, एवढंच तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे.

अलार्मवाल्यानं विचारलं, शटर कधी उघडं असतं? मी म्हणाले, कधीच नाही. दिवेलागणीची वेळ मी साफ विसरले. घराचं दुसरं दार मागच्या बोळात उघडतं, म्हणून लक्ष्मी गॅरेजमधूनच येणार असं तू ठरवून टाकलं होतंस. अजून डोळ्यांपुढं दिसतं, तू स्वयंपाकाच्या कट्ट्याशी उभी आहेस, हाताला ज्वारीचं पीठ. खाली बसलीस तर कंबर धरते, उठवत नाही, म्हणून भाकरीही उभ्यानंच थापायची. बाहेर अंधारून यायला लागलं की तिथूनच ओरडतेस, "अहो, शटर उघडा, लक्ष्मी दारातून परत जाईल." आणि बाबा हातातला पेपर ठेवून उठतात. आता सकाळी काय खाल्लं ते विसरतील, पण हे ते विसरत नाहीत.

तर पहिल्याच संध्याकाळी त्यांनी शटर उचललं आणि भोंगा वाजला. शेजारीण काठी घेऊनच आली. "चोर घुसला काय वं ताई?" बाबा भिंतीला पाठ लावून उभे होते, दोन्ही हात वर. मी भोंगा बंद केला तरी हात खाली येईनात. मग म्हणाले, "मी चोर हाय का गं माझ्याच घरात?" त्या रात्री ते जेवले नाहीत. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच तो स्विच काढला आणि गुडघ्याच्या उंचीवर बसवला. भोंग्याच्या जागी साधी घंटा, आणि तीही चुंबक स्विचसमोर आला तरच वाजेल अशी जोडणी. म्हणजे गुडघ्याच्या खाली शटर कितीही हलवा, घंटा गप्प. लोखंडावर चुंबक नीट काम करीना, तेव्हा मध्ये लाकडाचा तुकडा घातला, तुझ्या फुटक्या पोळपाटाचा. टेस्टरही तुझाच, पिवळ्या मुठीचा. मला दहावीला तो बक्षीस दिलास तेव्हा मी तोंड वाकडं केलं होतं, घड्याळ हवं होतं ना. तू म्हणालीस, "घड्याळ बंद पडल्यावर काय करशील?" मला वाटलं, आता सगळं जमलं. लक्ष्मीला गुडघाभर फट पुरते, आणि बाबा काही त्यातून रांगत जाणार नाहीत. त्यांना खूण करून दिली, इथपर्यंतच उचलायचं. ते बरं म्हणाले, आणि काही दिवस ऐकलंही.

परवा दिवेलागणीला घंटा वाजली. मी पोळी तव्यावर टाकून पळाले. शटर पार वरपर्यंत गेलेलं. बाबा मात्र बाहेर पडले नव्हते. आतच उभे होते, हातानं शटर वर धरून, पुन्हा खाली घसरेल म्हणून.

मी म्हणाले, "बाबा, गुडघ्यापर्यंत ठरलं होतं ना?"

"एवढ्याशा फटीतून कशी येईल ती? तिची कंबर लय दुखायलीय. वाकवत न्हाई तिला."

इतके दिवस मी त्यांच्या जाण्याचाच बंदोबस्त करत होते.

आता दिवेलागणीला मीच शटर पूर्ण उचलते. घंटा वाजते, वाजू देते. दोन खुर्च्या टाकून आम्ही दारात बसतो, बाबा रस्त्याकडं बघतात, मी त्यांच्याकडं. हा कागद घडी करून टेस्टरच्या डब्यात ठेवते आहे. शेजारीण विचारते तेव्हा मी सांगते, बाबा निघून जाऊ नयेत म्हणून बसते. खरं सांगू, रस्त्यावर कुणी कंबरेवर हात ठेवून सावकाश येताना दिसलं, की आधी मी उठून उभी राहते.