र्‍होड आयलंड रेड, सहा नग

८ मे १९८६
वाचनालयातून कुक्कुटपालनाचं पुस्तक आणलं. मागच्या परसात सहा कोंबड्या पाळायच्या. नक्की. विदूला पत्र टाकलं: तू म्हणतोस तशी मी कांदिवलीची खोली सोडून मुलुंडला येणार नाही. दिवाळीला नातीला घरची अंडी खायला घालीन. नाही जमलं तर मुकाट बोचकं बांधून येईन. असं खणखणीत लिहावं लागतं, नाहीतर मुलगे ऐकत नाहीत.
पुस्तकाचं पहिलंच वाक्य: जात निवडण्याआधी कोंबड्या कशासाठी पाळायच्या ते ठरवावे. ठरवलं. हेतू: अंडी. ह्यांना कोंबड्यांची हौस होती आणि घाण होते म्हणून मी बावीस वर्षं पाळू दिल्या नाहीत, त्याचा इथे संबंध नाही. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

९ मे
जाती. व्हाइट लेगहॉर्न: अंडी सगळ्यांत जास्त, पण घाबरट. उगाच फडफड करणारं माणूस मला चालत नाही, कोंबडी कशी चालेल? ऑस्ट्रलॉर्प: काळी. संध्याकाळी दिसायची नाही. कडकनाथ: मांससुद्धा काळं. नको. शेजारची सोनूबाई म्हणते, वयनी, गावठी घे, तिका काय लागना नाय. सोनूबाईने आयुष्यात एक पुस्तक वाचलेलं नाही.
र्‍होड आयलंड रेड: तांबूस, शांत, अंडी तपकिरी. झाली निवड.

११ मे
खुराडं रिकामं केलं. ह्यांनी अठरा वर्षांपूर्वी आशेने ठोकलेलं. मी त्यात कोळसे ठेवत आले. कडी उलट्या बाजूला. डावऱ्या माणसाचं काम. दोनदा बोट चेमटलं. सुताराकडून बदलून घ्यायची.

१२ मे
सरकारी केंद्रात म्हणाले, नाव नोंदवा, पिल्लं सप्टेंबरात मिळतील. मग दिवाळीला अंडी काय मी घालू? स्टेशनबाहेर सायकलवाल्याकडे टोपलीभर तांबूस पिल्लं होती. जात विचारली. म्हणाला, आप बोलो. मी म्हटलं र्‍होड आयलंड. म्हणाला, वहीच है माताजी, एकदम प्युअर. सहा घेतली. सगळ्या माद्या, असं त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.
सोनूबाईने टोपलीत डोकावून न डोकावल्यासारखं केलं आणि म्हणाली, गो वयनी, ह्ये सगळे कोंबडे आसत. अंड्याची कोंबडी रस्त्यार कोण विकतलो? मी तिला पुस्तकातलं चित्र दाखवलं. तिने चष्मा नाही म्हणून सांगितलं.

१७ मे
पिल्लं पाण्याच्या थाळीत शिरली. पाणी लाल, पिल्लं पिवळी. सायकलवाला जागेवर नाही.
पुस्तक पुन्हा पाहिलं. पिवळं पिल्लू, पुढे पांढरं होणारं: लेगहॉर्न. अंडी सगळ्यांत जास्त. नीट विचार केला तर मला पहिल्यापासून लेगहॉर्नच हवी होती. घाबरटपणा सवयीने जातो.

३ जून
नावं ठेवायची नाहीत, जीव लावायचा नाही. नंबर दिले. विदूचं अजून उत्तर नाही. माझ्या पत्राने चांगलाच गप्प झालेला दिसतो.

२९ जून
तुरे आले. मोठे, लाल. पुस्तकात आहेच: लेगहॉर्नचा तुरा मोठा. मादीचा एका बाजूला पडतो. आमचे अजून उभे आहेत. पडतील.

२० जुलै
दोन नंबर आणि पाच नंबर यांची मारामारी, रक्त निघेपर्यंत. सोनूबाई कंपाउंडवरून म्हणाली, बायका अशा भांडतत? मी म्हटलं, सकाळी नळावर येऊन बघ.
विदूचं पत्र नाही. तुरे उभेच.

५ ऑगस्ट
उद्यापासून श्रावण. आज चाळीतले तिघे परसात डोकावून गेले. राजाराम धुरी तर हातात पिशवी घेऊनच आला. काकी, एक तरी द्या ना, सहा-सहा ठेवून काय करणार? मी म्हटलं, ते अंड्यांचे पक्षी आहेत. तो हसला नाही. मान हलवून, बरं काकी, म्हणाला आणि निघून गेला. हसला असता तर बरं वाटलं असतं.

१६ ऑगस्ट
पहाटे खुराड्यातून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज. दोन नंबरचा घसा बसला. हळद-ओवा दिला, उपयोग नाही. मी तशी पाचच्या आधी जागीच असते. ह्यांची पहिली पाळी असायची, तेव्हाची सवय. संपात मिल गेली, मग हे गेले. सवय राहिली.

२४ ऑगस्ट, रविवार
विदू आला, न कळवता. चहा गाळता गाळता त्याला लेगहॉर्नचं कौतुक सांगत होते, तेवढ्यात दोन नंबर खुराड्यावर चढला, मान ताणली आणि भर दुपारी असा आरवला की पलीकडच्या चाळीतलं पोर रडायला लागलं. पाठोपाठ उरलेले पाच.
विदू म्हणाला, आई, तुझ्या लेगहॉर्नना मिशा तेवढ्या फुटायच्या राहिल्यात. कंपाउंडपलीकडे सोनूबाई पोट धरून हसत होती.
मी म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. बोचकं बांधते.
तो म्हणाला, कुठे निघालीस?
मुलुंडला चल, असं तो एकदाच म्हणाला होता, ह्यांच्या तेराव्याला. मुलुंडच्या घरातली ती खोली जूनपासून सूनबाईच्या, नीलाच्या, आईला दिली आहे. त्यांचे गुडघे गेलेत, नीला तरी काय करणार. तेच सांगायला आला होता. म्हणाला, बरं झालं तूच आधी नको म्हणून लिहिलंस, मला फार जड गेलं असतं गं. मी म्हटलं, बरंच झालं की.
म्हणजे मी जिंकले.
जाताना आईसाठी काहीतरी करावं म्हणून त्याने खुराड्याची कडी काढून उजवीकडे बसवून दिली. संध्याकाळी दार लावताना तीनदा हात जुन्या बाजूला गेला.

१८ सप्टेंबर
काल विसर्जन झालं. सकाळी राजाराम पिशवी घेऊन हजर. पाच दिले, बघायला थांबले नाही. दोन नंबर ठेवला. सोनूबाईने विचारलं, एकच कित्याक? मी म्हटलं, प्रयोगात एक नमुना राखून ठेवावा लागतो. ती माशाचं कालवण देऊन गेली.
सुताराला बोलावून कडी परत डावीकडे घेतली. उजवीकडे लाकूड कच्चं आहे.
वाचनालयाचं पुस्तक परत केलं. माझ्यापुरती नोंद:
जात: निश्चित नाही.
नग: एक.
हेतू: पहाटे पाचला उठवणे. मी त्याच्या आधीच जागी असते. पण तो आरवेपर्यंत अंथरुणातून उठायचं नाही, असं ठरवलं आहे.