टेलरकाकांचं माप

३ फेब्रुवारी

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून तू आधी घाबरशील आणि मग वहिनीला फोन करशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनवर तू माझं अर्धंच ऐकतेस आणि उरलेला वेळ स्वतः बोलतेस. त्यामुळे कामाची गोष्ट कागदावरच बरी.

माझ्या चष्म्याच्या दुकानाशेजारचे टेलरकाका तुला आठवतातच. तुझा शाळेचा पहिला गणवेश त्यांनीच शिवला होता, आणि तू एका जागी उभी राहीनास म्हणून तुला टेपने खुर्चीला बांधलं होतं. त्यांचं हृदय आता पार थकलंय. गेल्या आठवड्यात तुमच्याच हॉस्पिटलात त्यांच्या छातीत पंप बसवला. ऑपरेशन नीट झालं, पण विमा कंपनीची मंजुरी येईपर्यंत घरी सोडत नाहीत. काकू तिथल्या बाकावर बसून दिवस काढताहेत. कागद तुमच्या बिलिंग खात्यात अडकलेत म्हणे. तू तिथे नेमकं काय करतेस हे मला सात वर्षांत कळलेलं नाही, पण ही फाइल तेवढी पुढे सरकव. मी काकूंना शब्द देऊन बसलोय.

वहिनी म्हणते, तुझ्या मागच्या फोटोत गालांची हाडं दिसतात. वेळेवर जेव आणि आम्हाला विसरू नको.

तुझा
दादा

९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी शेजारात अब्रू राहिली. काल मंजुरी आली, काका उद्या घरी येतील. आता मिशीला पीळ देत फिर.

मी काय करते ते एकदाच सांगते, पुन्हा विचारायचं नाही. डॉक्टर पानंच्या पानं लिहितात. मी ती वाचून प्रत्येक आजाराला आणि ऑपरेशनला ठरलेला कोड लावते. विमा कंपनी तो कोड वाचते, माणूस तिला दिसत नाही. पंपाच्या फाइलीत आणखी एक खूण करायची असते, पंप नवं हृदय मिळेपर्यंत बसवलाय की कायमचा. काकांच्या डॉक्टरांनी ते लिहिलंच नव्हतं, पुढचं नंतर ठरवू एवढाच शेरा होता. अशा वेळी डॉक्टरांना लेखी विचारायचा नियम आहे, आणि त्यांचं उत्तर यायला आठ दिवस लागतात. त्यात तुझी घाई आणि शुक्रवारचे पाच वाजलेले. मग काय, अंदाजाने निभावून नेलं. सात वर्षं उगीच का डोळे फोडलेत?

त्यावरून आठवलं, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. बहिणीला सवलत किती ते कळव.

वहिनीला नमस्कार. माया आहे ती आटू देऊ नको.

तुझी
बिट्टी

१४ जून

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

चष्मा बसला ना नीट? नाकावर घसरत असेल तर पाठवून दे.

टेलरकाका रोज तासभर दुकानात येऊन बसतात. पंपाच्या बॅटऱ्या ठेवायला त्यांनी स्वतःच एक जाकीट शिवलंय, दोन्ही बगलेत खिसे असलेलं. त्यांच्या जवळ बसलं की छातीतून बारीक घरघर ऐकू येते. पहिल्यांदा मला वाटलं, माझी काच घासायची मशीन चालू राहिली.

पण एक गोष्ट मनाला खातेय. काकांची नव्या हृदयासाठी तपासणी करायची असं डॉक्टरांनी ठरवलं, तर विमा कंपनीने साफ नकार दिला. त्यांच्या कागदावर म्हणे पंप कायमचा आहे, आणि अशा रोग्याला नवं हृदय द्यायचं नसतं. डॉक्टर म्हणतात, आम्ही असं कधीच ठरवलं नव्हतं. काकूंचा त्यावर विश्वास नाही. त्यांना वाटतं, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी हात टेकले आणि ते आपल्यापासून लपवलं. काका मात्र दिवसेंदिवस उतरत चाललेत, आणि फार अशक्त झाले तर ते ऑपरेशन झेपणारच नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

असं कोणी लिहिलं असेल ग? तुला आतलं माहीत असतं म्हणून विचारतो. लवकर कळव.

तुझा
दादा

१८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मी लिहिलं.

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि तशीच जिना उतरून खाली गेले. वर आल्यावर फाइल काढली. खूण माझी, खाली माझा नंबर, वेळ शुक्रवार पाच वाजून सात मिनिटं. काकांचं वय अठ्ठावन्न, त्यात मधुमेह, म्हणून मी कायमचा धरून चालले. खरं सांगू? तेही पुरतं खरं नाही. कायमचा म्हटलं की विमा कंपनी जास्त प्रश्न विचारत नाही, हे मला ठाऊक होतं. मला तुझ्यापुढे मिरवायचं होतं, बघ तुझ्या बहिणीने एका दिवसात करून दाखवलं म्हणून. नंतर डॉक्टरांना विचारून खूण दुरुस्त करता आली असती. सोमवारी माझ्या टेबलावर दुसऱ्या चाळीस फाइली होत्या, आणि मी विसरले.

खूण बदलायची तर आमच्या विभागप्रमुख बाईंना कारण लेखी द्यावं लागतं. दोन दिवस तो कागद समोर ठेवून बसते आणि चहा प्यायला उठून जाते. मला नोकरीची भीती वाटते, आणि अशा वेळी तीच भीती आधी वाटते याची लाजही वाटते. दादा, तू काही तरी सांग.

तुझी
बिट्टी

२३ जून

चि. बिट्टीस,
अनेक आशीर्वाद.

तुला काय बोलणार! घाई लावणारा मी. तुझ्या फेब्रुवारीच्या पत्रात अंदाजाने हा शब्द धडधडीत लिहिलेला आहे. तो मी वाचला होता, आणि वाचून हसलो होतो. त्या कामाबद्दल काकांनी मला दोन पँटी फुकट शिवून दिल्या. त्यांतली एक आता अंगावर आहे, आणि ती घालून मी त्यांच्या शेजारी बसतो.

तू बाईंना सांग आणि दुरुस्ती कर, त्यात आता एक दिवसही घालवू नको. पण काकांना आणि काकूंना काही कळवू नको. कॉम्प्युटरची चूक झाली असं मी सांगेन, त्यांना पटेल. आपल्या घरावर त्यांचा जीव आहे, तो कशाला तोडायचा? मोठ्या भावाचं एवढं ऐक.

तुझा
दादा

६ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं अर्धं ऐकलं. बाईंना सगळं लिहून दिलं. त्या ओरडल्या नाहीत, नुसता चष्मा काढून पुसत बसल्या. मला हृदयाच्या फाइलींवरून काढलंय, आता हाडं मोडलेल्यांचे कोड लावते. विमा कंपनीने दुरुस्ती ३० जूनला मान्य केली. काकांची तपासणी आता होईल, पण गेलेले पाच महिने नव्या हृदयाच्या रांगेत कोणी धरत नाही. हे मी तीन वेळा विचारून घेतलं.

बाकीचं अर्धं मला जमलं नाही. काकू त्या डॉक्टरांना खोटारडे म्हणताहेत आणि मी गप्प बसायचं, हे होईना. काल रविवारी तुझ्या बंद दुकानासमोरून गेले आणि तुला न सांगता काकांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. तुझी घाई सांगितली नाही, ती तुझी तू सांग.

काकू उठून आत गेल्या त्या मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत. काकांनी मान वर केली नाही. मग ते म्हणाले की नकार आल्यापासून आम्ही दोघं एकमेकांची समजूत घालत होतो, तुला डॉक्टरांना एक चिठ्ठी लिहिता आली नाही का? मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली असं मला वाटत नाही, आणि त्यांनी ती घ्यावी असं मला म्हणवतही नाही.

मी निघाले तेव्हा त्यांनी थांबवलं. खिळ्यावरची टेप माझ्या हातात दिली आणि म्हणाले, जाकीट ढिलं झालंय, आत घ्यायचंय, छातीचं माप घे. पोटातून निघालेली वायर सांभाळत मी कशीबशी टेप फिरवली. त्यांच्या वहीत फेब्रुवारीचं माप होतं, अडतीस. टेप मागे तिरकी झाली होती, तरी मी पस्तीस म्हणून मोकळी झाले. ते म्हणाले, अंदाजाने नको. गिऱ्हाईक समोर उभं आहे, हात वर करू का, श्वास सोडू का, ते त्याला विचार आणि मग मोज.

मी विचारलं. त्यांनी हात वर केले. पुन्हा मोजलं तेव्हा चौतीस भरलं. अडतीसच्या खाली मी चौतीस लिहिलं, आणि त्यांनी मला त्यापुढे तारीख घालायला लावली.

लोभ मागायला आज तोंड नाही.

तुझी
बिट्टी